रांगेची सरासरी

पहाटेचे तीन दहा. महापे एमआयडीसी, दुसरा मजला.
मे महिना, आणि मी स्वेटर घालून बसलोय.
बाहेर पारसिकचा डोंगर अजून तापलेला असेल,
आत रॅकच्या दोन ओळींमधून गार वारा.

पडद्यावर तीन आकडे:
एक्केचाळीस, बत्तीस, एकोणीस.
एका मिनिटाची सरासरी, पाचाची, पंधराची.
डावीकडचा मोठा, म्हणजे चढतंय.
उजवीकडचा मोठा असता तर म्हटलं असतं ओसरतंय,
चहा घेऊन येऊ.

फोनवर पतपेढीचा माणूस:
"अहो, प्रोसेसर तर मोकळा दिसतोय,
सोळाच्या सोळा कोअर. मग लोड कसला?"

तन्वीर मुकादमने पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं,
कॅन्टीनच्या टेबलावर, सांडलेल्या पाण्यात बोटाने रेघा ओढत:
हे कामाचं माप नाही रे.
दर पाच सेकंदांनी यंत्र मान वर करतं,
डोकी मोजतं, मान खाली घालतं.
काम करणारे मोजतं, पाळीची वाट बघणारे मोजतं,
आणि डिस्ककडे काहीतरी मागून
उत्तर येईपर्यंत दारात उभे राहिलेले,
तेही.
दोन मोजण्यांच्या मध्ये जो आला नि गेला
त्याची नोंद नाही.
मेलेले, पण नाव खोडायचं राहून गेलेले,
त्यांचीही नाही.

दारातल्यांपुढे डी लिहिलेलं असतं.
हाक मारली तर त्यांना ऐकू जात नाही.
नऊ नंबरचा सिग्नल, ज्यापुढे कुणाचं काही चालत नाही,
तोही त्यांच्या पायाशी पडून राहतो
उत्तर येईपर्यंत.

मी तन्वीरला म्हणालो, आमच्या घरात आहे एक.

बापूस. घणसोली गाव.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी
एकोणीस वर्षं, दर मंगळवारी, बेलापूर.
इस्त्रीचा शर्ट, पिशवीत सातबारा आणि पाण्याची बाटली.
टेबलामागची खुर्ची रिकामी, वर पंखा चालू.
भिंतीवरचा फलक म्हणायचा, कामकाज सुरळीत,
आणि बाकांवर चाळीस माणसं.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
आई म्हणायची, "सोरा आता तो नाद."
ते ऐकत नसत.
म्हणजे, ऐकूच येत नसे.

तीन छत्तीस. सापडलं.
पलीकडच्या खोलीत स्टोरेजची एक केबल
अर्धवट बसलेली. दुपारी झाडताना सरकली असणार.
खट्.
चाळीस जणांना एकदम उत्तर आलं,
ज्याने त्याने आपापलं घेतलं आणि निघून गेला.

"सुरू झालं हो," पतपेढीचा माणूस म्हणाला,
"पण आकडा अजून का दाखवतोय?"
कारण सरासरी झटक्यात विसरत नाही, साहेब.
मिनिटभराने पहिल्यात तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त उरतं:
पंधरा. मग साडेपाच. मग दोन.
तिसरा तेवढा हलायला तयार नाही.
एव्हाना छत्तिसावर चढून बसलाय,
रांग उठून गेली तरी
रांग धरून.

प्लॉट मिळाला डिसेंबरात.
नाल्याकडेचा, पण कोपऱ्याचा.
कागद आला, पेढे झाले, फोटो काढला,
फोटोत बापूस दरवाज्याकडे बघतायत.

आज मंगळवार.
सहाला शिफ्ट संपेल, घरी पोचेन
तर ते ओटीवर असतील,
शर्टाला इस्त्री, बाटली भरलेली.
कुठे निघालात विचारलं
तर थोडा वेळ चपला शोधतील.

मी विचारत नाही.
वहीत लिहितो: तीन छत्तीसला पूर्ववत.
तिसरा आकडा एकतीस. उतरतोय.